बारा हजार सायटेशन, म्हणून सिद्ध?

नाशिकमधल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जैविक मानसोपचारातल्या (मानसिक आजारांची शरीरातली कारणं शोधणाऱ्या शाखेतल्या) एका संशोधकाच्या गुगल स्कॉलर प्रोफाइलचा स्क्रीनशॉट: ३०० पेपर, १२,००० सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले दाखले), एच-इंडेक्स ५०. खाली चार दावे. इतक्यांनी दाखला दिला म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला. एच-इंडेक्स फुगवता येत नाही. भारी इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आलंय, मग शंका कसली? आणि शेवटी: नैराश्याच्या गोळ्या सुरू करण्याआधी ‘सेरोटोनिन जीन’ची टेस्ट करून घ्या. संशोधकाचं नाव इथे घेत नाही, कारण घोळ आकडा वाचणाऱ्यांचा आहे.

‘सिद्ध झाला’ याला सगळ्यात चपखल उत्तर नेमकं हेच जनुक देतं. २००३ साली ‘सायन्स’ या जर्नलमध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या ८४७ जणांचा अभ्यास आला. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन परत पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड प्रकार असेल, तर आयुष्यातल्या ताणानंतर नैराश्य जास्त येतं, असं त्यात म्हटलं होतं. पेपरला हजारो सायटेशन मिळाली. २००९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलात १४ अभ्यासांतल्या १४,२५० जणांची माहिती एकत्र तपासली गेली, आखूड प्रकाराचा नैराश्याशी संबंध दिसला नाही, ना एकट्याने ना ताणाच्या जोडीने. २०१९ मध्ये अशी १८ गाजलेली जनुकं ४,४३,२६४ जणांपर्यंतच्या नमुन्यांवर तपासली, तरी हाती काही लागलं नाही. आता गंमत बघा: खोडून काढणाऱ्या या दोन्ही पेपरांनीही २००३च्या पेपरचा दाखला दिलाच आहे. म्हणजे त्याच्या सायटेशनमध्ये भरच पडली. मोजणाऱ्या यंत्राला शाबासकी आणि खंडन यांतला फरक कळत नाही.

एच-इंडेक्सचं गणित कागदावर करून बघा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये मांडला: किमान ‘क्ष’ सायटेशन मिळालेले ‘क्ष’ पेपर असतील, तर इंडेक्स ‘क्ष’. समजा, सहा पेपरांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४, ३ सायटेशन आहेत. चौथ्याला किमान ४ आहेत, पाचव्याला ५ नाहीत, म्हणून इंडेक्स ४. आता लेखकाने पुढच्या पेपरात आपल्याच पाचव्या पेपरचा एकदा दाखला दिला की इंडेक्स ५. आणि ४०चे ४,००० झाले तरी इंडेक्स तसूभर हलत नाही! स्कोपस या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसमध्ये स्वतःचे दाखले वगळून मोजण्याची सोय आहे. कॉलेजच्या लायब्ररीत स्कोपस असेल तर आधी ती खूण करा, मग आकडा वाचा.

३०० पेपरांचं म्हणाल, तर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोध-संकेतस्थळावर लेखाच्या प्रकाराचा फिल्टर लावा. संपादकाला पत्रं, संपादकीयं, केस रिपोर्ट, रिव्ह्यू बाजूला काढले की मूळ संशोधन किती ते कळतं. शिवाय नाव. ‘एस. पाटील’ किंवा ‘आर. जाधव’ नावाचे किती संशोधक असतील? स्कॉलर आडनाव आणि आद्याक्षरावरून परक्याचे पेपरही प्रोफाइलला चिकटवतो. संशोधकाच्या १६ अंकी ऑर्किड या ओळख क्रमांकाशी यादी ताडून बघा. या क्षेत्रात आणखी एक मेख आहे ती मोठ्या गटांच्या पेपरांची. ‘नेचर’मधल्या २०१४च्या स्किझोफ्रेनियाच्या पेपरात ३६,९८९ रुग्ण, जनुकसंचातल्या आजाराशी जोडलेल्या १०८ जागा आणि शेकडो लेखक. प्रत्येकाच्या खात्यात सगळी सायटेशन पूर्ण जमा होतात, वाटून नव्हे.

इम्पॅक्ट फॅक्टरवर फार वेळ घालवायला नको. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले दाखले, भागिले त्या लेखांची संख्या: ही जर्नलची सरासरी. मोजके लेख ती वर ओढतात. हातातल्या एका पेपरबद्दल ती काहीच सांगत नाही.

राहिली टेस्ट. औषध-जनुक संबंधांवर शिफारशी देणाऱ्या सीपीआयसी गटाने २०२३ मध्ये सेरोटोनिनच्या या जनुकावरून (एसएलसी६ए४) गोळी किंवा डोस ठरवण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं. सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ या जनुकांची गोष्ट वेगळी: ती यकृतात औषध किती वेगाने मोडतं ते ठरवतात आणि काही गोळ्यांच्या डोससाठी त्यांवर शिफारशी आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी लॅबकडून रिपोर्टचा नमुना मागून घ्या. त्यात ही दोन नावं नसून फक्त एसएलसी६ए४ असेल, तर टेस्ट करून डॉक्टरांच्या चिठ्ठीत काहीही बदलणार नाही.