रात्री ८ ते सकाळी ६ मी झोपलेलो होतो म्हणे

परवा बायकोने माझी जहाजावरची बॅग उपसली तर तळाला रेस्ट अवरच्या शीटा सापडल्या. म्हणजे रोज किती तास काम आणि किती तास आराम त्याचा महिन्याचा तक्ता, महिनाअखेर प्रिंट निघते, आपण सही करायची, एक कॉपी आपल्याला. मी आयुष्यात कधी वाचलेल्या नाहीत. तिने चष्मा लावून वाचल्या आणि मोबाईल घेऊन समोर उभी. "अहो, १४ तारखेला रात्री ८ ते सकाळी ६ तुम्ही झोपलेले होतात असं लिहिलंय. मग पावणेदोनला मला व्हॉट्सॲप कॉल कोणी केला?"

मीच केलेला. (आमच्याकडे तेव्हा सव्वाबारा, पण मुद्दा तोच.) अकरा मिनिटांचा कॉल, त्यातली सात-आठ मिनिटं मी मेसरूमच्या (जहाजावरची जेवणाची खोली) खुर्चीत घोरत होतो आणि ती बिचारी फोन कानाला लावून ऐकत बसलेली.

मी प्रॉडक्ट टँकरवर, म्हणजे पेट्रोल-डिझेलसारखं तयार इंधन वाहणाऱ्या जहाजावर पंपमन आहे, माल चढवण्या-उतरवण्याचे पंप सांभाळतो, सतरा वर्षं टँकरच केले. त्या दिवशी टँक क्लिनिंग चालू होतं. दुबईकडच्या फुजैरा बंदरात पेट्रोल उतरवलेलं, गुजरातच्या सिक्का बंदरात विमानाचं इंधन भरायचं, मध्ये फक्त अडीच दिवस आणि तेवढ्यात बारा टाक्या गरम पाण्याने धुवायच्या, पंखे लावून गॅस बाहेर काढायचा, मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतका आला की मग शिडीने पाच मजले खाली उतरायचं आणि कोपऱ्यात राहिलेलं पाणी मग्याने बादलीत भरून, चिंध्यांनी पुसून काढायचं. पाच मिनिटांत बॉयलर सूट पिळून घ्यावा असा होतो. वर आलास की दुसरी टाकी तयारच असते. ती झाली की तिसरी. झोप म्हणजे मध्येच कुठेतरी तासभर बूट न काढता.

नियम नाहीत असं नाही हां. एमएलसी म्हणून जहाजावर काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, आपल्या देशाने २०१५ मध्ये मान्य केला. २४ तासांत किमान १० तास आराम, आठवड्याला ७७, आणि त्या दहा तासांचे दोनच तुकडे चालतात, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. वाचायला एकदम झकास.

आता खरं कसं चालतं ते सांगतो. तास कॉम्प्युटरवर भरायचे असतात. जास्त भरले की चौकोन लाल होतो. लाल दिसला की ऑफिसमधून मेल येतो, का लाल? तेल कंपनीचा इन्स्पेक्टर आला की त्याच्या रिपोर्टमध्ये शेरा, मग जहाजाला माल मिळायला त्रास. म्हणून चीफ ऑफिसर (कॅप्टनच्या खालचा अधिकारी) बसतो आणि चौकोन हिरवे होईपर्यंत तास इकडचे तिकडे करतो. त्याला शिव्या घालू नका, तो बिचारा माझ्यापेक्षा कमी झोपलेला असतो आणि त्यात हे पण काम त्याच्याच डोक्यावर.

स्वीडनमध्ये माल्मोला वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे, त्यांनी २०२० मध्ये नेमका ह्याच खोट्या तासांवर रिपोर्ट काढला. रिपोर्टच्या नावातच 'ॲडजस्टमेंट' हा शब्द आहे. मी एकटाच हसलो. आपल्याकडे लोकल ट्रेनच्या चौथ्या सीटपासून सगळीकडे हाच शब्द चालतो!

एक्सॉन व्हाल्डेझ आठवतं? १९८९, अलास्का, टँकर खडकावर चढला आणि समुद्रभर तेल. कोणालाही विचारा, कॅप्टन प्यायलेला होता एवढंच सांगेल. पण अमेरिकेच्या चौकशीत दारूच्या बरोबरीने हे पण लिहिलंय की जहाज चालवणारा थर्ड मेट (कनिष्ठ अधिकारी) थकलेला होता, त्याच्यावर कामाचा बोजा जास्त होता आणि कंपनीने पुरेशी, विश्रांती झालेली माणसं दिली नव्हती. दारू लक्षात राहते, झोप कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तास लिहिण्याची पद्धत कितीही भारी करा, सॉफ्टवेअर आणा, ॲप आणा, जोपर्यंत डेकवर दोन माणसं वाढत नाहीत तोपर्यंत तो तक्ता खोटाच राहणार. किमान किती माणसं हवीत ते जहाजावर ज्या देशाचा झेंडा तो देश ठरवतो, आणि मालक झेंडा निवडताना खर्च बघतोच ना. वाढीव दोन खलाशांचा महिन्याचा पगार त्या जहाजाच्या एका दिवसाच्या तेलापेक्षा जास्त नसेल, तरी ते दोघे काही येत नाहीत.

आणि हो, सही मी केली. कोणी हात धरून करून घेतली नाही. पण नाही म्हटलं तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टला फोन येत नाही, आमचा पगार जहाजावर असेपर्यंतच, घरी बसलं की शून्य. गावात आमच्या दारापुढून जाणारा प्रत्येक जण "मर्चंट नेव्हीत आहे, मजा आहे" म्हणतो, तेव्हा मीही हसून "हो" म्हणतो. ही पण सहीच झाली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात परत जॉइनिंग आहे. काल चहा घ्यायला आत गेलो तर कालनिर्णयच्या खिळ्याला दोरीने पेन बांधलेलं. विचारलं हे काय, तर म्हणे, "दुधाचा हिशोब लिहिते तिथेच तुमच्या कॉलचा टाईम लिहिणार. महिन्याची ती शीट पाठवत जा मला."