खुलासा : तत्त्वज्ञानात बी.ए. आणि स्पर्धा परीक्षा

अकरावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय : ‘तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलेल्यांना यूपीएससी-एमपीएससी देता येत नाही. तिथे फक्त पोथ्या-पुराणं शिकवतात.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मी पुण्यात हाच विषय शिकवते, म्हणून लिहिते आहे.

नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. एमपीएससीच्या राज्यसेवेलाही तसंच. उलट यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे : दोन पेपर, प्रत्येकी 250 गुणांचे. आयोगाच्या जाहिरातीत अभ्यासक्रम छापलेला असतो, स्वतः पाहा. त्यात वेदान्त आहे, तसे चार्वाक, जैन, बौद्धही आहेत. धर्माचं तत्त्वज्ञानही आहे, पण ते प्रश्न विचारतं : ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे टिकतात का? जगात दुःख का? तिथे श्रद्धा शिकवत नाहीत आणि मोडतही नाहीत.

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिते : सगळे कावळे काळे असतात, हा पक्षी काळा आहे, म्हणून हा कावळा आहे. वर्ग माना डोलावतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, कोकीळही काळाच की!’ तिथून तर्कशास्त्र सुरू होतं.

नोकरीची काळजी खरी आहे, ती मी खोडत नाही. त्यावर मुलांशी जरूर बोला. पण हा मेसेज वाचून एका मुलीने आवडता विषय फॉर्ममधून खोडला, हे मी पाहिलंय. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.