‘खर्चाच्या २५ पट जमवा, पंचेचाळिशीत राजीनामा द्या’ : हा हिशेब कुठे गळतो

सगळीकडे फिरणारा मेसेज थोडक्यात असा आहे : वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की नोकरी सोडा. दरवर्षी ४ टक्के काढा, पैसे कधीच संपणार नाहीत. कामाचे दिवस कमी करून घेणं हा निव्वळ मूर्खपणा. पगार अर्धा होतो, काम तेवढंच राहतं, वर पीएफ-ग्रॅच्युइटीचं नुकसान. त्यापेक्षा एकदाच मोकळे व्हा. नाही जमलं तर नोकरी परत मिळतेच.

यातलं एक विधान बरंचसं खरं आहे, एक अर्धं खरं आहे, बाकीची टिकत नाहीत. हिशेबासाठी एक घर धरू. वय ४५, घराचं कर्ज फिटलेलं, महिन्याचा खर्च ७५,००० म्हणजे वर्षाला ९ लाख, पगार वर्षाला २४ लाख, गाठीशी २.२५ कोटी. मेसेजच्या भाषेत हा माणूस ‘मोकळा’ झालेला आहे.

‘४ टक्के काढा, पैसे कधीच संपणार नाहीत’

४ टक्क्यांचा हा आकडा विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली मांडला. अमेरिकेतले शेअर्स, अमेरिकेचे सरकारी रोखे, अमेरिकेची महागाई आणि निवृत्तीची ३० वर्षं, एवढ्यावर तो उभा आहे. साठी-पासष्टीला निवृत्त होणाऱ्याला ३० वर्षं ठीक. पंचेचाळिशीत सोडणाऱ्याला ४५ वर्षं काढायची आहेत. ‘कधीच’ हा शब्द मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी घातला.

दुसरी गफलत वाचण्यातली. उरलेल्या रकमेच्या ४ टक्के दरवर्षी काढायचे, असं तो नियम म्हणत नाही. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईच्या दराने वाढवत न्यायची. म्हणजे आपल्या घराला पहिल्या वर्षी ९ लाख, ६ टक्के महागाई धरली तर दुसऱ्या वर्षी ९.५४ लाख, दहाव्या वर्षी १५ लाखांच्या वर.

आता साठा किती पुरतो ते पाहा. वर्षाच्या सुरुवातीला खर्चाची रक्कम काढली, महागाई ६ टक्के आणि परतावा कर वजा जाता ९ टक्के मिळाला, तर २५ पट रक्कम ४१-४२ वर्षं चालते. वय झालं ८६-८७. बायको तीन वर्षांनी लहान असेल तर तिच्या वयाच्या ८३-८४ व्या वर्षी खातं रिकामं. हा झाला चांगला अंदाज. ‘जोखीम नको, सगळं एफडीत’ म्हणणाऱ्याचा परतावा ७ टक्के धरला, कर धरलाच नाही, तरी पैसे २८ वर्षांत संपतात, वयाच्या ७३ व्या वर्षी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा आधारही या वयात नाही. ती साठीनंतरची योजना. निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना साधारणतः ५५ पासून.

आणि परतावा दरवर्षी सारखा येत नाही. कॅलेंडर वर्ष २००८ मध्ये सेन्सेक्स २०,२८७ वरून ९,६४७ वर आला, म्हणजे ५२ टक्के खाली. असं वर्ष राजीनाम्यानंतर लगेच वाट्याला आलं, ६० टक्के रक्कम शेअर्समध्ये आणि ४० टक्के ठेवींत असली, तर पहिल्या वर्षाअखेर २.२५ कोटींचे साधारण १.५२ कोटी उरतात. पुढच्या वर्षीचे ९.५४ लाख म्हणजे आता ४ नव्हे, ६.३ टक्के. २००९ मध्ये बाजार ८१ टक्के उसळला हे खरं. उसळी दरवेळी पुढच्याच वर्षी येईल याची हमी कोणी देत नाही. घसरण शेवटच्या वर्षांत आली तर फारसं बिघडत नाही. पहिल्या पाच-सात वर्षांत आली तर पडत्या भावाने शेअर्स विकावे लागतात आणि ते परत येत नाहीत. नेमक्या याच वर्षांत पगार चालू असणं, मग तो आठवड्याला तीनच दिवसांचा का असेना, हे दिवस कमी करण्यामागचं खरं कारण. ‘वेळ मिळतो’ वगैरे नंतरचं.

‘पगार अर्धा होतो’

ढोबळ पगार कमी होतो. हातात येणारा पगार त्या प्रमाणात घटत नाही, कारण कापला जातो तो सगळ्यात वरच्या कराचा थर. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २४ लाख पगारावर, ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून, उपकरासह कर होतो २,९२,५००. हातात २१.०८ लाख. (पीएफची कपात दोन्हीकडे बाजूला ठेवली आहे.)

पाचऐवजी तीन दिवस, म्हणजे ६० टक्के पगार : १४.४ लाख. कर ८८,१४०. हातात १३.५२ लाख. पगार ४० टक्के कमी, हातातली रक्कम ३६ टक्के कमी. पगार खरंच निम्मा, १२ लाख झाला तर कर शून्य आणि जुन्या हातच्या रकमेच्या ५७ टक्के शिल्लक.

आपल्या घराचा खर्च ९ लाख आहे. तीन दिवसांच्या पगारात तो भागतो आणि साडेचार लाख उरतात. पाच वर्षं पगार रुपयाने वाढला नाही तरी पाचव्या वर्षाचा खर्च होतो ११.३६ लाख, म्हणजे तेव्हाही आत. या पाच वर्षांत २.२५ कोटींना हात लागत नाही. वरचाच ९ आणि ६ टक्क्यांचा हिशेब लावला तर पन्नाशीत साठा तेव्हाच्या खर्चाच्या २५ ऐवजी २८.७ पट होतो आणि पन्नासाहून जास्त वर्षं पुरतो. फक्त एफडीवाल्याचाही शेवट ७३ वरून ८० वर सरकतो. उरलेले साडेचार लाख यात धरलेलेच नाहीत.

‘काम तेवढंच राहतं’

हे अर्धं खरं, आणि होतं ते बहुतेक वेळा मागणाऱ्याच्याच चुकीने. सगळ्यात मोठा सापळा चार दिवसांचा आठवडा. एक दिवस कमी केला की कोणी काम काढून घेत नाही. पाच दिवसांचं काम चार दिवसांत कोंबलं जातं आणि २० टक्के पगार मात्र जातो. तीन दिवसांवर आलं की कोंबणं शक्यच नसतं, जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावीच लागते. म्हणून घ्यायचं तर तीन दिवस. चार दिवसांच्या वाटेला जाऊ नये.

साहेबांकडे जाण्याआधी कागद तयार ठेवा. आठवड्यात आपण करतो ती सगळी कामं लिहायची, प्रत्येकापुढे तास. ४५ तासांच्या आठवड्यात तीन दिवस म्हणजे २७ तास. यादी २७ वर येईपर्यंत कामं खोडायची आणि खोडलेल्या १८ तासांपुढे ती कोण करणार याचं नाव घालायचं. नाव सुचत नसेल तर ते काम तुमच्याच गळ्यात राहणार हे समजून चाला. मग कंपनीच्या पत्रात या गोष्टी लेखी हव्यात : कोणते वार, उद्दिष्टं ६० टक्के की पूर्वीचीच, वार्षिक मूल्यमापन कशावर, सुट्टीच्या दिवशी फोन कोणत्या प्रसंगी, रजा आणि सणांच्या सुट्ट्या कोणत्या प्रमाणात, गटविमा (कंपनीने काढलेला आरोग्यविमा) चालू राहणार का, आणि सहा महिन्यांनी फेरविचार कोणत्या तारखेला.

वार सलग घ्या. सोम-बुध-शुक्र असं विखुरलं की मधला प्रत्येक दिवस ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणत कुरतडला जातो. मंगळ-बुध-गुरू घेतले की चार दिवस सलग सुट्टी मिळते, आणि शुक्रवारी तुम्ही नसता हे ऑफिसला महिन्याभरात पाठ होतं.

भारतात पूर्णवेळ कर्मचाऱ्याला दिवस कमी करून मागण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. नेदरलँड्समध्ये २००० सालापासून तसा कायदा आहे. आपल्याकडे सगळा मामला मालकाच्या मर्जीचा, त्यामुळे बँकेच्या काउंटरवर किंवा कारखान्याच्या पाळीत हे जवळपास अशक्य. लेखापरीक्षण, डिझाइन, सॉफ्टवेअर, वैद्यकीय सेवा, शिकवणं, प्रकल्प-सल्ला इथे जमतं.

‘पीएफ-ग्रॅच्युइटीचं नुकसान होतं’

मेसेजमधला हा सगळ्यात खरा मुद्दा आहे, आणि नेमका तोच तिथे एका ओळीत उरकला आहे.

ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात : शेवटचं मासिक वेतन × १५/२६ × सेवेची वर्षं. ग्रॅच्युइटीसाठी धरलं जाणारं वेतन ८०,००० आणि सेवा १८ वर्षं असताना सोडलं तर ८,३०,७६९ रुपये. त्याऐवजी तीन दिवसांवर येऊन वेतन ४८,००० केलं आणि आणखी तीन वर्षं काम केलं, तर २१ वर्षांचे मिळतात ५,८१,५३८. तीन वर्षं जास्त राबून अडीच लाख कमी. रजेच्या रोखीकरणातही (न घेतलेल्या रजेच्या पैशांतही) तसंच. पैसे बहुधा शेवटच्या दराने मिळतात, आणि खासगी नोकरदाराची २५ लाखांपर्यंतची करसवलत मोजताना आधीच्या १० महिन्यांच्या पगाराची सरासरी धरतात.

तोडगा असा, की दिवस कमी करण्याआधी जुनी सेवा रीतसर संपवा. राजीनामा, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे जुन्या दराने हातात, मग नवा करार. नवा करार नोकरीचा असेल तर ग्रॅच्युइटीचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, हे लक्षात ठेवा. मालक याला तयार नसेल तर त्या अडीच लाखांचा हिशेब वाटाघाटीत घाला. पहिल्याच वर्षीच्या साडेचार लाखांच्या बचतीपुढे तो तोटा सोसण्यासारखाच आहे, पण माहीत असून सोसावा.

नवा करार सल्लागार म्हणून केला तर चित्र पालटतं. पीएफ बंद, फीतून आधीच बहुधा १० टक्के करकपात (टीडीएस), वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी. दुसऱ्या बाजूला इंजिनिअर, डॉक्टर, वकील, सीए, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना अनुमानित करयोजना (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए) आहे. तिथे फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. १४.४ लाख फीवर करपात्र ७.२ लाख, म्हणजे नव्या प्रणालीत कर शून्य. मात्र त्याच खुर्चीत, त्याच हजेरीपटावर, त्याच साहेबाच्या हुकमाखाली बसून ‘सल्लागार’ म्हणवलं तर करखातं त्या फीला पगार ठरवू शकतं. करार कामाचा हवा, हजेरीचा नको.

पीएफचं म्हणाल तर हप्ता कमी होतो, पण खातं जिवंत राहतं. नोकरी सोडल्यावरही ५८ पर्यंत व्याज जमा होतं खरं, पण सोडल्यानंतरचं व्याज करपात्र असतं, हे ‘पीएफ तसाच राहू द्या’ सांगणारे सांगत नाहीत. पीएफच्या पेन्शनवर दिवस कमी केल्याचा परिणाम बहुधा होतच नाही. ती मासिक वेतनाच्या १५,००० च्या मर्यादेवर मोजतात, आणि पीएफचं वेतन त्याहून वर राहिलं की ते वर्ष पूर्ण धरलं जातं. सेवेच्या दर वर्षामागे महिना २१४ रुपये. आठवड्याची भाजी येईल एवढेच, पण आयुष्यभर.

‘नोकरी परत मिळतेच’

कोणाला, कोणत्या पगारावर, किती वर्षांच्या खंडानंतर? बाजार पडल्यामुळे परत यावं लागलं तर तेव्हा नोकऱ्याही आटलेल्या असतात. २००८-०९ मध्ये दोन्ही एकदमच झालं. तीन दिवसांवरून पाचवर जाणं हे एका संभाषणाचं काम असू शकतं. शून्यावरून पाचवर जायला मुलाखती लागतात.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट : आजारपण

बहुतेक कंपन्यांचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो. तीन दिवसवाल्यांनाही तो मिळेलच असं नाही. पॉलिसीत ‘पूर्णवेळ कर्मचारी’ अशी अट आहे का ते आधी विचारा. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च मिळत नाही. म्हणून ही पॉलिसी नोकरी सोडायच्या तीन वर्षं आधी घ्यायची, म्हणजे मधुमेह-रक्तदाबाचा प्रतीक्षाकाळ कंपनीच्या छत्राखाली निघून जातो. तेवढा वेळ नसेल तर गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज नोकरीत असतानाच द्या. विमा कंपनी तब्येत तपासून निर्णय घेते. आणि ७५,००० च्या मासिक खर्चात हा हप्ता, आईवडिलांचा हप्ता, सोसायटीची मोठी दुरुस्ती आणि दहा वर्षांनी बदलायची गाडी धरली आहे का, ते तपासा. बहुतेकांच्या वहीत ती नसते, आणि मग २५ पट ही मुळातच २० पट निघते.

एकदाच सोडणं कोणाला योग्य

अंगमेहनतीचं काम झेपेनासं झालेल्यांना, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असणाऱ्यांना, किंवा कंपनी स्वेच्छानिवृत्तीचं घसघशीत पॅकेज देत असेल त्यांना. तिथे तीन दिवसांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही; साठा ३३ ते ३५ पट आहे का एवढं पाहा, आणि तीन वर्षांचा खर्च ठेवींत वेगळा काढा.

सरकारी कर्मचाऱ्यांना दिवस कमी करण्याचा पर्यायच नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. राज्य शासनाच्या जुन्या पेन्शन नियमांतल्या, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या कर्मचाऱ्याला २० वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये. राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते, आणि सेवेबरोबर पेन्शनही. नोटीस देण्याआधी सेवापुस्तक मागवून खंडित कालावधी, विनावेतन रजा आणि पडताळणीच्या सह्या पाहून घ्या. २० वर्षांना चार-सहा महिने कमी पडतात ते बहुतेकदा तिथेच उघड होतं.