‘कायदाच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चाकण-हिंजवडीच्या इंजिनिअर मंडळींत एक मेसेज फिरतोय. परदेशी मोटार कंपनी डेमोला बोलावते, आपल्या स्टार्टअपचं तंत्र बघून घेते आणि वर्षभरात तेच घरी बनवते. भारतात ट्रेड सिक्रेटचा, म्हणजे धंद्यातल्या गुपिताचा, कायदा नाही, एनडीए (गुप्तता राखण्याचा करार) म्हणजे रद्दी, दावा लावायचा तर युरोपात. अमेरिकेत असता तर कोट्यवधी मिळाले असते!

दुखणं खरं आहे, पण निदान बहुतेक चुकलंय.

‘कायदा नाही.’ स्वतंत्र कायदा नाही, एवढंच खरं. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९व्या अहवालात त्याची शिफारस केली आहे. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणी परस्पर वापरली तर न्यायालयं आजही मनाई हुकूम देतात. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात झी टेलिफिल्म्सविरुद्ध सनडियल कम्युनिकेशन्सला असा हुकूम मिळाला, तोही एका मालिकेच्या संकल्पनेसाठी. तिथे कोड नव्हता, सर्किट नव्हतं, नुसती कल्पना होती.

‘कलम २७ मुळे एनडीए रद्दी.’ १८७२ च्या करार कायद्याचं हे कलम धंदा करायला बंदी घालणारा करार रद्द ठरवतं. म्हणजे राजीनाम्यानंतर ‘दुसरीकडे जाऊ नकोस’ हे बहुधा टिकत नाही. ‘आमची फाइल नेऊ नकोस’ ही गोष्ट वेगळी. दोन्हींची खिचडी केली की असे मेसेज तयार होतात.

‘दावा परदेशातच.’ इथे जरा थांबू, कारण याच भीतीने माणसं वकिलाकडे जातच नाहीत. करारात लवादाची (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचांची) जागा बहुधा परदेशातली असते, हे खरं. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अंतरिम (तात्पुरता) आदेश भारतातल्या न्यायालयाकडूनही मागता येतो. दोन मुख्य अटी आहेत: वाद आंतरराष्ट्रीय व्यापारी स्वरूपाचा हवा आणि करारात ती वाट बंद केलेली नसावी. अंतिम निवाडा तिकडे होईल, पण तोवर वापर थांबवा, पुरावा जपा, हे इथे मागता येतं. म्हणून सही करण्याआधी लवादाचं कलम वाचा. बरेच जण फक्त रक्कम आणि मुदत बघतात. आणि हो, पुरवठादाराच्या कामातून निघालेलं सगळं कंपनीचं, असं कलम खरेदीच्या अटींत असेल, तर चोरीची तक्रार कसली? आपणच लिहून दिलेलं असतं.

‘अमेरिकेत कोट्यवधी मिळाले असते.’ अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या व्हर्साटा कंपनीचं सॉफ्टवेअर मोटार कंपनी फोर्ड वापरत असे. गाडीचे कुठले पर्याय एकमेकांसोबत चालतात, हे ते तपासायचं. फोर्डने स्वतःचं बनवलं आणि भांडण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या ज्युरीने (कोर्टात बसवलेल्या सामान्य नागरिकांनी) व्हर्साटाला सुमारे १० कोटी ४६ लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी ते ३ डॉलरवर आणले. तीन! प्रकरण मग अपिलात गेलं. कायदा होता, करार होता, ज्युरीही बाजूने होती. न्यायाधीशांच्या मते नुकसान किती झालं याचा हिशेबच पुराव्यात नव्हता.