काट्यावरचे घर

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्याची खबर वरूडपासून अकोटपर्यंतच्या पारापारांवर पोहोचवण्याची तजवीक कोणी केली नाही, आणि ते काम पुढे माझ्या पुण्याच्या साडूंच्या, म्हणजे अर्थातच माझ्या वाट्याला आले. झोपायच्या चार जागा, ओटा, फ्रिज आणि संडास असलेली एक गाडी साडूंनी भाड्याने घेतली, तीत दोन्ही बहिणींना बसवले आणि मी वऱ्हाडातला म्हणून मला वाटाड्या नेमले. नागपूरहून निघून काटोल, वरूड, मोर्शी असे संत्र्यांच्या बागांमधून जायचे, सातपुडा उजव्या हाताला ठेवून परतवाडा गाठायचे, तेथून दर्यापूर-अकोटच्या कपाशीत उतरायचे, मन रमेल तेथे मुक्काम करायचा आणि कोणालाही तसदी द्यायची नाही, असा बेत होता.

मन सगळीकडेच रमत होते. पंचाईत थांबल्यावर होत असे. गावात उभी राहिलेली मोठी पांढरी गाडी ही सरकारी योजना नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी गाडीवाल्यावर असते. वरूडकडे आम्ही फिरता पशुवैद्यकीय दवाखाना ठरलो आणि दार उघडण्यापूर्वीच एक लंगडणारा गोऱ्हा पायरीशी आणून उभा करण्यात आला. मोर्शीच्या पुढे आम्ही मातीपरीक्षणवाले झालो. तेथील एका गृहस्थांनी दिलेल्या मातीच्या पिशवीला सातबाऱ्याची झेरॉक्स टाचणीने व्यवस्थित लावलेली होती, आणि रिपोर्ट कधी मिळेल या त्यांच्या प्रश्नाला साडूंनी इतक्या अजिजीने ‘कळवतो’ असे उत्तर दिले की, हे खात्याचेच माणूस आहे याविषयी कोणाला शंका उरली नाही.

परतवाड्याच्या अलीकडे मात्र एक आजी थेट आत आल्या, चपला पायरीवर काढून माझ्या अंथरुणावर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, “डाक्टर कई येते?” हे नेत्रशिबिर नाही, आम्ही फिरायला निघालो आहोत, असे माझ्या मेव्हणीने त्यांना अत्यंत शुद्ध मराठीत समजावले. आजींनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि “मांगच्या वक्ती बी असंच म्हनले होते, मंग केलं ऑपरेशन,” असे सांगून कूस बदलली. शेवटी चहा पिऊन त्या उठल्या खऱ्या, पण जाताना दुसऱ्या डोळ्यासाठी आपला नंबर लावून ठेवण्याची ताकीद देऊन गेल्या.

एवढे झाल्यावर साडूंनी खरे बोलण्याचे धोरण स्वीकारले. पुढच्या गावात चौकशी होताच त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले की, ही कोणत्याही खात्याची गाडी नसून आमचे घर आहे. जमलेल्या मंडळींत एकदम शांतता पसरली. एका वयस्क शेतकऱ्याने गाडीभोवती चक्कर मारली, खिडकीत वाळत घातलेल्या टॉवेलाकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, “काहून जी, घरकुलाच्या यादीत नाव नाई आलं का?” ग्रामसेवकाला भेटून काही उपयोग नाही, सरळ पंचायत समितीत जा, हा सल्ला त्याने दिलाच, आणि रात्री त्याच्या घरून वांग्याचे भरीत आणि ज्वारीच्या भाकरी आल्या. आमचा ओटा त्या दिवशीही कोराच राहिला.

दर्यापूरकडचा मुक्काम थोडक्यात आटोपतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट. स्थानिक माणूस पिण्याचे पाणी वेगळे भरून ठेवतो, पण साडूंनी दिसली ती बोअर गाठून गाडीची टाकी काठोकाठ भरली. सकाळचा चहा चौघांनीही एकमेकांच्या चेहऱ्याकडे न पाहता बाहेर ओतला.

खरी कसोटी अकोटजवळ लागली. हंगाम ऐन भरात होता, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यासमोर बैलबंड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मेटॅडोर यांची रांग रस्त्यावर आली होती, आणि तिला वळसा घालून पुढे जाण्याच्या प्रयत्नात आम्ही नेमके तिच्या मधोमध शिरलो. फाटकावरच्या पोराने न विचारता साडूंच्या हातात टोकन ठेवले. मागे ट्रॉली, पुढे ट्रॉली, दोन्ही बाजूंना बाहेर फुगून आलेला कापूस. वळायला जागा नव्हती. तेथे काढलेल्या वेळात मेव्हणीचे कापूसशास्त्र पक्के झाले: आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात, आणि बाराच्या वर गेला तर सीसीआय, म्हणजे हमीभावाने खरेदी करणारे सरकारी कापूस महामंडळ, मालाला हातही लावत नाही. लांब धाग्याला क्विंटलमागे ७,५२१ रुपये हा २०२४-२५ चा हमीभाव तिला तोंडपाठ झाला, आणि ग्रेडर ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस का काढतो, हेही तिने मला समजावले.

बाहेर पडण्याची वाट वजनकाट्यावरूनच जात होती. काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर न काढता भरलेल्या गाडीचे वजन नोंदले आणि “माल कोन्ता?” असे विचारले. साडू म्हणाले, “माणसं आहेत.” त्याने मालाच्या रकान्यात ‘इतर’ असे लिहिले आणि नियमाप्रमाणे गाडी रिकामी करून पुन्हा काट्यावर घ्यायला सांगितले, कारण दोन वजनांची वजाबाकी झाल्याशिवाय पावती पुरी होत नाही. बेत आखल्यापासून ज्या चौघांचे जेवणाची वेळ, खिडकीची जागा किंवा पंख्याचा वेग यांपैकी कशावरही एकमत झाले नव्हते, त्या चौघांनी या क्षणी एकमुखाने गाडीतून उतरण्यास नकार दिला. मागे रांगेत उभी असलेली सगळी मंडळी असली वजाबाकी तोंडी करणारी होती, आणि उरणारा आकडा हा आमचाच असणार होता.

मागच्या बैलबंडीवरच्या शेतकऱ्याला आमची अडचण उमगली. त्याने काचेतून आम्हा चौघांवरून एकदा सावकाश नजर फिरवली आणि काटेवाल्याला ओरडून सांगितले, “लिहून टाक ना, साडेतीन क्विंटल भरन!”

“ओलावा कापून सव्वातीन,” ट्रॉलीवरून दुसरा म्हणाला.