वस्तीशी भागीदारी करायचीय? मग आधी बॅनर छापा

सर, मॅडम, तुमच्या विद्यापीठाला गरीब वस्तीशी आरोग्याची भागीदारी करायचीय हे ऐकून भरून आलं बघा. नाशकात वस्त्यांना तोटा नाही, पंचवटीत फुलेनगर आहे, गंजमाळला भीमवाडी आहे, वडाळागाव आहे, गाडी लावायला जिथे सोयीचं पडेल तीच वस्ती 'सर्वाधिक वंचित' म्हणून धरा.

विषय मात्र ऑफिसातूनच ठरवून न्या. 'तुम्हाला काय हवंय' असलं विचारलंत की बाया नळाचं सांगतात, गटारीचं सांगतात, आणि तुमचा प्रोजेक्ट तर मधुमेहावर मंजूर झालाय, आता गटारीवरचा पेपर कोण छापणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हाच घोळ घातला, लोकांना विचारत बसले दवाखाना कसा हवा, मग तो त्यांच्या झोपड्यांसारखा बांधला आणि वर नाव दंतेश्वरी देवीचं. त्याच्याही आधी, 1970 पासून, जामखेडला आरोळे पतीपत्नींनी गावातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. आता गावं सुधारली वगैरे ठीक आहे हो, पण आयुष्य गेलं ना त्यात. तुमचं फंडिंग मार्चला संपतंय.

जायची वेळ सकाळी अकरा. सातपूर-अंबडला कंपनीत जाणारे गेलेले असतात, धुण्याभांड्याच्या बाया गंगापूर रोडला पोचलेल्या असतात, घरात सापडते म्हातारी आणि दोन पोरं, हाच तुमचा समुदाय. 2013 च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने वस्तीजवळच्या आरोग्य केंद्राची ओपीडी दुपारी 12 ते रात्री 8 अशी सुचवली होती, का तर रोजंदारीवाला सकाळी दवाखान्यात बसला की त्याचा खाडा पडतो. तुम्ही असल्या भानगडीत पडू नका, संध्याकाळी कॉलेज रोडचा ट्रॅफिक माहितीय ना.

आशाताईला मात्र विसरायचं नाही. त्याच अभियानात 200 ते 500 घरांमागे एक आशा, आणि 50 ते 100 घरांमागे बायकांची महिला आरोग्य समिती, समितीला वर्षाला 5000 रुपये निधी, म्हणजे भागीदार तयारच बसलाय पण त्याला मीटिंगला नाही बोलवायचं, दारं वाजवायला बोलवायचं. आशाताईला अख्खी गल्ली पाठ असते, कुणी बीपीची गोळी पैशापायी एकाआड एक दिवस घेतंय, कुणाचा नवरा टीबीचा कोर्स अर्धा टाकून गावी गेलाय. तुमचे सहा महिन्यांचे निष्कर्ष ती चहाला उकळी येईस्तोवर सांगून मोकळी होईल, म्हणून तिला फार बोलू देऊ नका. पेपरवर नाव तर नकोच, शेवटी आभारात 'स्थानिक सहकार्य' म्हणून बसते ती.

संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची संशोधन-नीतीची तत्त्वं म्हणतात माणसाला कळेल अशा भाषेत समजावून सांगा, पण कळलं की माणूस नाही म्हणतो, एवढी रिस्क कशाला? अंगठा घ्या, फोटो घ्या, बिस्किटपुडा द्या. (फोटोत बॅनर सरळ आला पाहिजे, लोक वाकडे आले तरी चालतील.)

एखादी बाई हंडा भरता भरता विचारेलच, 'मागच्या साली पण पोरं आली होती, रक्त नेलं, त्याचं काय झालं?' दचकू नका. हे 'इतर' रकान्यात लिहा आणि पुढचा प्रश्न घ्या: घरात शौचालय आहे का, असल्यास प्रकार.

निघताना दारावर खडूने घराचा नंबर टाकायचा. तिथे आधीच्या सर्व्हेचे दोन-तीन नंबर असतातच, त्यामुळे जागा शोधावी लागते. काळजी नको, ती बाईच हात पुसत सांगते, 'वरती लिहा सर, खालचं पोरगं पुसतंय.'