भाड्याला मर्यादा घालण्याआधी कराराला मुदत द्या

पुण्या-मुंबईची भाडी वाढली की दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, सरकारने भाडी बांधून द्यावीत, बर्लिनमध्ये आहेत तशी. दुसरी म्हणते, १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईच्या चाळींचे काय केले ते बघा. भाडी गोठली आणि मालकांनी डागडुजी सोडली. बर्लिनमध्ये राहून ही चर्चा ऐकताना वाटते, दोन्ही बाजू चुकीच्या कलमावर भांडत आहेत.

इथली मर्यादा अशी आहे. २०१५पासून नव्या करारात त्या भागातल्या तुलनात्मक दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भाडे सहसा लावता येत नाही. हा दर ‘मीटश्पीगेल’ नावाच्या शहराच्या अधिकृत तक्त्यात मिळतो. पत्ता, बांधकामाचे वर्ष, क्षेत्रफळ आणि सोयी भरल्या की चौरस मीटरमागचा आकडा निघतो. समजा ६० चौरस मीटरच्या घराला ८ युरो निघाले, तर कमाल भाडे ८.८० युरोंप्रमाणे ५२८ युरो. हे ‘काल्टमीटे’, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून. मालक ९०० घेत असेल, तर लेखी हरकत घ्यायची. करार सुरू झाल्यापासून ३० महिन्यांच्या आत घेतली, तर पहिल्या महिन्यापासूनचा फरक परत मागता येतो. उशीर केला, तर फक्त हरकतीनंतरचा.

पण १ ऑक्टोबर २०१४नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना ही मर्यादा नाही. तात्पुरत्या मुक्कामाच्या करारालाही नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्याच्या वाट्याला बहुतेक फर्निचरसकट, मुदतीची, महाग घरे येतात. २०२०मध्ये बर्लिनने भाडी गोठवूनच पाहिली. भाड्याच्या जाहिराती खूप घटल्या, आणि एप्रिल २०२१मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केल्यावर भाडेकरूंना वाचलेला फरक मालकाला भरावा लागला. घरात असलेल्याला आधार आणि दाराबाहेरच्याला रांग, असा हा हिशेब आहे.

येणाऱ्यांनी एवढे तरी सांभाळावे: तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि ‘शूफा’चा पतदाखला एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. घर पाहण्याआधी एक युरोही पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा मालक नसतोच. आणि ‘आनमेल्डुंग’ म्हणजे पत्त्याची नोंदणी करू न देणारे घर स्वस्त असले तरी घेऊ नका. त्या नोंदणीशिवाय करक्रमांक मिळत नाही, आणि करक्रमांकाशिवाय पगारातून सर्वांत चढा कर कापला जाऊ शकतो.

मग बर्लिनचे खरे बळ कशात आहे? करार मुळात बेमुदत असतो; मुदत घालायची तर मालकाला कायद्याने मान्य कारण लेखी द्यावे लागते. डिपॉझिट तीन काल्टमीटेपेक्षा जास्त नाही, तेही तीन हप्त्यांत भरता येते, आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवायचे. दलाल ज्याने बोलावला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. या तीन नियमांनी एकही घर बाजारातून गेलेले नाही असे माझे ठाम मत आहे.

आता महाराष्ट्र. अकरा महिन्यांचा करार ही तिथली जुनी सवय आहे, कायद्याची अट नव्हे. वर्षाच्या आतला भाडेकरार नोंदवावा लागत नाही म्हणून ती पडली. पण १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने कितीही मुदतीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, जबाबदारी मालकावर टाकली, आणि अकरा महिन्यांचा फायदा संपला. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. महिना २५,००० भाडे, ५०,००० डिपॉझिट, ३६ महिने: एकूण भाडे ९,००,०००, डिपॉझिटवरचे वर्षाला १० टक्के मानीव व्याज १५,०००, म्हणजे शुल्क सुमारे २,२९०. वर शहरी भागात १,००० नोंदणी फी. दर अकरा महिन्यांनी दलालाला नूतनीकरणाचे पैसे देण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त.

‘भाडेकरू घर बळकावेल’ ही मालकांची भीती खोटी नाही. पण कलम २४ नेमके त्यासाठीच आहे: मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवर दुप्पट भाडे वसूल होते. मुदत ११ महिन्यांची असो वा ३६, हे संरक्षण तेच राहते.

केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतके मर्यादित आहे. हे कलम महाराष्ट्राने आपल्या कायद्यात घ्यावे, दलालीचा बर्लिनचा नियम त्याच्या जोडीला यावा. तोपर्यंत करारावर सही करण्याआधी चार ओळी मागून घ्या: ३६ महिन्यांची मुदत, दरवर्षी होणाऱ्या वाढीचा टक्का, मालकालाही बांधणारा लॉक-इन (म्हणजे ठरलेल्या काळात करार न मोडण्याची अट), आणि चावी परत दिल्यापासून किती दिवसांत डिपॉझिट मिळेल. भिंतींचे, नळांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिटची कपात बहुतेक वेळा रंगरंगोटीच्या नावाखाली होते.